टोपी पडण्याआधी

मी सातवीत होते तेव्हा आठवड्याभरात मामांच्या बागेतली पानं हातपंख्यासारखी झाली. द्राक्षाचं पान एरवी तळहाताएवढं, ऐसपैस. त्या वर्षी नवी फूट आली ती चिमटीत मावेल अशा पानांची. सगळ्या शिरा देठापासून सरळ बाहेर पळालेल्या, कडा करवतीसारख्या, शेंडे मान टाकल्यासारखे खाली वळलेले. वाऱ्याच्या अंगाला उसाचा फड होता. तण मारायला त्यात टू-फोर-डी फवारलं होतं. ऊस गवताच्या कुळातला, त्याला त्याचं काही वाटत नाही. द्राक्ष मात्र या औषधाच्या नुसत्या झुळकीनंही वेडंवाकडं होतं. मामा फडवाल्याशी भांडले नाहीत. संध्याकाळी बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, "वारं काय त्याच्या हातात व्हतं व्हय?" त्या हंगामात त्या चार ओळींना माल लागला नाही.

पुढे पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएचडीला लागले. पहिल्याच आठवड्यात मला मीडिया, म्हणजे पेशी वाढवायचं खाद्य, बनवायला शिकवलं. क्षार, साखर, जीवनसत्त्वं, आगर आणि शेवटी फ्रीजमधली एक छोटी बाटली. तिच्यावर लिहिलं होतं टू-फोर-डी. एका लिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास घालायचं. पिपेटचं टोक त्या बाटलीत बुडवताना माझा हात थांबला. आमच्या घरात या नावाचा उच्चार शिवी दिल्यासारखा व्हायचा.

काम होतं द्राक्षाच्या पेशींत जिवाणूच्या मदतीने जनुक घालण्याचं. ते नेमकं काय असतं हे गेली काही वर्षं मी नातेवाइकांना, बसमधल्या शेजाऱ्यांना, एकदा लग्नाच्या पंगतीतही सांगत आले आहे. आज ते एकदा सविस्तर लिहून काढायचं आहे, कारण या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट या सांगण्यात दर वेळी राहूनच जाते. लोकांना वाटतं, जनुक आत घालणं कठीण असेल. ते तुलनेने सोपं आहे. ज्या पेशीत ते गेलं तिला जिवंत ठेवणं कठीण.

पण सुरुवात फुलापासून करावी लागते.

आमच्याकडे द्राक्षाची फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमाराला होते. डोळे फुगतात, पोंगा येतो, मग पानं उलगडताना त्यांच्या कुशीतून घड डोकावतो. छाटणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी फुलोरा. द्राक्षाचं फूल पाकळ्या उघडून फुलत नाही. हिरव्या पाकळ्या वरच्या टोकाला एकमेकींना चिकटून टोपीसारख्या झालेल्या असतात. फुलायची वेळ झाली की ती टोपी बुडातून सुटते आणि आतले पुंकेसर तिला वर ढकलून पाडतात. मला हवी असायची त्याच्या दहा-पंधरा दिवस आधीची कळी, टोपी घट्ट बसलेली असतानाची. तेव्हा आतले परागकोश अर्धपारदर्शक, फिकट हिरवे असतात. ते पिवळे दिसायला लागले की उशीर झाला म्हणून समजायचं. ही खिडकी काही दिवसांचीच, आणि ती गेली की वर्ष गेलं.

त्यामुळे माझी दिवाळी तासगाव तालुक्यात, मामांच्या थॉम्सन जातीच्या प्लॉटमध्ये जायची. पहाटे घड खुडायचे, ओल्या कागदात गुंडाळायचे, थर्माकोलच्या पेटीत बर्फावर ठेवायचे आणि पेटी मांडीवर घेऊन एसटीने पुणे गाठायचं. मामांच्या एकेका घडाला मोल होतं. तरी मी मागितले तेवढे त्यांनी स्वतःच्या कात्रीने कापून दिले, तेही नेहमी चांगल्या काडीवरचे. "कच्चं कशाला न्यायचं? पयलं बी चांगलंच पाहिजे," असं म्हणायचे. द्राक्षाच्या कामात बी कुठून येणार, पण मला त्यांचं म्हणणं कळायचं.

घड काही दिवस चार अंश तापमानात थंड ठेवायचे, मग धुऊन निर्जंतुक करायचे. सूक्ष्मदर्शकाखाली सुईने टोपी काढायची. आत पाच पुंकेसर असतात. तंतूसकट अलगद उचलून ते मीडियावर मांडायचे आणि ताटल्या अंधारात ठेवायच्या. एका दिवसात मान आणि डोळे दोन्ही थकतात. त्यानंतर महिने जातात. टू-फोर-डीच्या प्रभावाने पुंकेसराच्या भिंतीतल्या पेशी आपण कोण होतो ते विसरतात आणि नुसत्या वाढत सुटतात. तो गोळा म्हणजे कॅलस. बहुतेक कॅलस निकामी असतं, पाणचट, कापसासारखं किंवा तपकिरी. हजारो पुंकेसरांतून बोटांवर मोजण्याइतक्यांतून वेगळं काही येतं: फिकट पिवळं, ठिसूळ, कणीदार, थंडीत थिजलेल्या साजूक तुपासारखं रवाळ. या रवाळ कॅलसमध्ये आख्खी वेल उभी करण्याची ताकद असते. टू-फोर-डी काढून घेतलं की त्यातला एकेक कण भ्रूण व्हायला लागतो, बीशिवाय आणि बापाशिवाय. आधी गोल, मग बदामी, मग लांबट, आणि शेवटी त्याला मूळ नि दोन दलं.

पुंकेसरातून आलं तरी त्यात परागाचा वाटा नसतो. तंतूच्या आणि भिंतीच्या साध्या पेशींतून ते येतं. म्हणून ती वेल मामांच्या वेलीची मुलगी नसते, ती वेलच असते. साध्या पेशींतून अशी वेल उभी करणं १९७६ मध्ये, पुंकेसराऐवजी बीजांडातल्या पेशी घेऊन, सिडनी विद्यापीठात मायकेल मलिन्स आणि आपले श्रीनिवासन यांनी काबर्ने सॉव्हिन्यों या जातीत करून दाखवलं. आज जगात द्राक्षाच्या जनुकबदलाचं जे काही काम चालतं, त्यातल्या बहुतेकाच्या तळाशी हे रवाळ कॅलस असतं.

आता जिवाणू.

त्याचं प्रचलित नाव अॅग्रोबॅक्टेरियम. मातीत राहतो. झाडाला जमिनीलगत जखम झाली की तिथून आत शिरतो आणि बुंध्यावर गाठ उठते, खडबडीत, बोराएवढी किंवा नारळाएवढी. द्राक्षाचं आणि या गाठीचं नातं जुनं आहे. १८९७ मध्ये इटलीत फ्रिदियानो काव्हारा यांनी अशा गाठीतून जिवाणू वेगळा केला, तो द्राक्षवेलीच्याच गाठीतून. तिकडे या रोगाला द्राक्षाचा क्षय म्हणत. १९०७ मध्ये अमेरिकेत स्मिथ आणि टाउनसेंड यांनी डेझीच्या झाडावर हेच पक्कं केलं. थंड प्रदेशात हिमाने खोड तडकतं आणि रोग बळावतो. आपल्याकडे त्याचा एवढा त्रास नाही, त्यामुळे मामांनी तो पाहिलाही नव्हता.

या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग सदाफुलीचा आहे. आपल्या दारातली, कुंडीतली, देवाला वाहिली जाणारी सदाफुली. १९४० च्या दशकात आर्मिन ब्राउन यांनी तिच्यावर गाठी आणल्या आणि मग झाडं उबेत ठेवली, जिवाणू मरेल पण झाड तगेल इतक्या उबेत. जिवाणू मेला. गाठ वाढतच राहिली. म्हणजे जिवाणू गाठ वाढवत नव्हता. त्याने झाडाला काहीतरी सांगितलं होतं, आणि सांगणारा गेल्यावरही झाड ते विसरलं नव्हतं. ते काय सांगितलं हे कळायला आणखी तीस वर्षं लागली. १९७४ मध्ये बेल्जियममधल्या गेंटच्या गटाने जिवाणूतलं डीएनएचं एक मोठं सुटं वर्तुळ, म्हणजे प्लाझ्मिड, दाखवलं. १९७७ मध्ये मेरी-डेल चिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या प्लाझ्मिडचा एक तुकडा झाडाच्या पेशीत गेलेला असतो. चिल्टन यांचा आधी या कल्पनेवर विश्वास नव्हता, ती चुकीची ठरवायलाच त्या निघाल्या होत्या.

तो तुकडा काय करतो? झाडाला ऑक्झिन आणि सायटोकायनिन ही दोन वाढीची संप्रेरकं बेसुमार बनवायला लावतो, म्हणून गाठ येते. शिवाय त्या पेशींकडून एक खास अन्न शिजवून घेतो, जे खायला प्रामुख्याने हाच जिवाणू येतो. टू-फोर-डीसुद्धा ऑक्झिनचंच सोंग आहे. उसाच्या फडावरून आलेलं वारं, माझ्या ताटलीतलं कॅलस आणि वेलीच्या बुंध्यावरची गाठ ही एकाच हुकमाची तीन रूपं. हे मला कळलं त्या रात्री मी मामांना फोन केला होता. ते झोपले होते. मामींनी उठवलं नाही आणि बरंच केलं.

माणसाने केलं एवढंच, की त्या तुकड्यातून गाठीची जनुकं काढून टाकली आणि त्या जागी हवं ते ठेवलं. दोन्ही टोकांच्या खुणा राहू दिल्या. जिवाणूला त्या खुणाच कळतात, मधलं सामान कळत नाही. तो इमानाने पोचवतो. १९८३ मध्ये तीन गटांनी जवळपास एकाच वेळी हे वनस्पतींत करून दाखवलं. द्राक्षाला १९९० उजाडलं. पुन्हा मलिन्सच. तेव्हाही पूर्ण रोपं मिळाली ती रुपेस्ट्रिस या अमेरिकी जंगली जातीची. आपण खातो त्या व्हिनिफेरा द्राक्षाच्या नुसत्या कोंबांपर्यंतच मजल गेली होती. तंबाखू चटकन तयार झाली, द्राक्षाने मात्र वेळ घेतला.

हे सगळं मी मामांना पुढच्या दिवाळीत सांगितलं. ते पेटीत बर्फ भरत होते. "आगं, म्हंजी रोगच घालायचा वेलाला?" ते म्हणाले. "रोगाचं दात काढून," मी म्हटलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आनि वेल घेतो?"

अख्ख्या पीएचडीत मला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नाही.

वेल घेत नाही. तोच माझा सगळा त्रास होता. रात्रभर शेकरवर वाढवलेला जिवाणू घ्यायचा, पातळ करायचा, ताकाच्या निवळीइतका गढूळ. त्यात अॅसिटोसिरिंगोन टाकायचं. झाडाला जखम झाली की असे पदार्थ पाझरतात आणि जिवाणूला त्यातून कळतं की दार उघडं आहे. इथे आपण जखमेचा वास बाटलीतून देतो. रवाळ कॅलस त्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवायचं, टिपकागदावर काढायचं आणि दोन दिवस अंधारात थंडाव्यात दोघांना एकत्र ठेवायचं. तापमान तीस अंशांकडे गेलं की जिवाणू तुकडा पोचवण्याचं काम टाळतो. दोन दिवसांनी झाकण उघडलं की दिसायचं ते तपकिरी, काही ठिकाणी काळं. माझं थिजल्या तुपासारखं कॅलस जळलेल्या बेरीसारखं झालेलं.

पहिले कित्येक महिने मला वाटत होतं, जिवाणू फार झाला, पेशी खाल्ल्या. तसं नसतं. पेशी स्वतः मरत होत्या. आत कुणीतरी शिरतंय हे ओळखून त्या फिनॉलं ओकत होत्या आणि आत्महत्या करत होत्या. शेजारणीला वाचवण्यासाठी झाडाची पेशी हेच करते. स्वतः मरते आणि रोगाचा रस्ता तोडते.

इथे मी थांबून विचार केला तो डाऊनीचा. मामांच्या बागेचा खरा वैरी. ढगाळ हवा, दोन दिवस पाऊस, पहाटेचं दव, की पानाच्या खाली पांढरी बुरशी. फुलोऱ्यात आली तर घडच्या घड जातो. मामा मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो ढवळतात, वरून आणखी पाच औषधं मारतात. १८८५ मध्ये फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी सांगितलेलं तेच मिश्रण. या डाऊनीपुढे थॉम्सन निमूटपणे शरण जाते. मग माझ्या ताटलीत तीच वेल जीव द्यायला तयार कशी? कारण डाऊनी अमेरिकेतून आली. १८७८ च्या सुमाराला ती युरोपात पोचली. इराण, तुर्कस्तान, काकेशसकडे वाढलेल्या आपल्या द्राक्षाच्या पूर्वजांनी ती कधी पाहिलीच नव्हती. अमेरिकेतले जंगली वेल तिच्याशी हजारो वर्षं झगडत वाढले. डाऊनी आली की त्यांना कळतं आणि बुरशीभोवतीच्या पेशी तिथल्या तिथे जीव देतात. म्हणजे आपल्या वेलीत धमक नाही असं अजिबात नाही. तिला हा शत्रू ओळखता येत नाही, एवढंच. हे ओळखणं तिला शिकवता आलं तर बागायतदाराच्या फवारण्या किती कमी होतील, हा विचार माझ्या मनात तेव्हापासून बसला तो बसलाच.

पण ओळखणं शिकवायचं तर जनुक आत घालायचं, आणि आत घालायला गेलं की वेल मरते. हे कोडं मला दोन वर्षं पुरलं. मी मीडियात अँटिऑक्सिडंट घातले, जिवाणू पातळ केला, दोन दिवसांचे दीड केले, ताज्या सबकल्चरच्या नेमक्या दिवसाचं कॅलस घेतलं. एका मे महिन्यात कल्चर रूमचा एसी शनिवारी बंद पडला आणि सोमवारी सगळ्या ताटल्या वाफाळलेल्या दिसल्या. वर्षाचं काम. मी ताटल्या ऑटोक्लेव्हमध्ये भरल्या आणि जिन्यात बसून रडले. मग ऑक्टोबर आला.

पेशी जगल्या तरी पुढे आणखी दोन परीक्षा. जिवाणूचं काम संपलं, आता तो नको, म्हणून सेफोटॅक्झिम हे प्रतिजैविक. तो तरीही कणांच्या मधल्या फटींत लपून राहतो आणि महिन्याने साय धरल्यासारखा वर येतो. दुसरी परीक्षा कॅनामायसिन या आणखी एका प्रतिजैविकाची. ज्या पेशींत तुकडा गेला त्यांनाच कॅनामायसिन पचतं, बाकीच्या मराव्यात अशी योजना. पण मरणाऱ्या पेशींच्या गर्दीत जगणाऱ्या पेशीचाही श्वास कोंडतो. किती मात्रा, कधी, हे पुस्तकातून कळत नाही. जातीजातीला वेगळं.

आमच्या तुकड्यात तेव्हा रोगप्रतिकाराचं काहीच नव्हतं. पद्धत बसवायची होती, म्हणून कॅनामायसिन पचवणाऱ्या जनुकाशेजारी फक्त चकाकणारं जनुक होतं, समुद्रातल्या एका जेलीफिशचं. निळ्या प्रकाशात धरलं की हिरवं दिसतं. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच प्रथिनाला होतं. त्यामुळे माझं रोजचं काम म्हणजे अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली काळ्याशार ताटल्या इंच इंच सरकवत हिरवा ठिपका शोधणं. फसवे ठिपके खूप. मेलेल्या पेशीही पिवळट चमकतात. एका गुरुवारी रात्री साडेनऊला एका तपकिरी गोळ्याच्या कडेला मला हिरवा कण दिसला. टाचणीच्या टोकाहून लहान. तो पिवळट नव्हता, स्वच्छ हिरवा होता, पावसाळ्यानंतरच्या डबक्यातल्या शेवाळासारखा. मी डोळे चोळले, ताटली काढली, परत ठेवली. होता. आजूबाजूचं सगळं मेलेलं आणि मध्ये तो एकटा जिवंत. त्या रात्री प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं. वॉचमनकाकांना बोलावून दाखवलं. "छान आहे हो, काजव्यावानी," ते म्हणाले.

त्या कणाची पुढे गाठ झाली, गाठीतून भ्रूण आले. निम्मे भ्रूण वेडेवाकडे, काचेसारखे. काही मूळ फुटून थांबले, त्यांना थंडी दाखवावी लागली. शेवटी काही रोपं उभी राहिली, बाटलीतून कुंडीत आली. तुकडा आत आहे का हे तपासायला पीसीआर झाला, सदर्न ब्लॉट झाला. तुकडा होता. प्रयोगशाळेच्या हरितगृहाबाहेर त्यातलं एकही रोप गेलं नाही, जाणारही नव्हतं.

मी मामांना फोटो पाठवला. त्यांनी बराच वेळ पाहिला असावा. मग फोन आला. "पान तर आपल्यासारखंच हाय. पन ते आपलं थॉमसनच ऱ्हायलं का गं?"

मी लगेच हो म्हणाले. नंतर बरेच दिवस तो प्रश्न घेऊन हिंडत होते.

थॉम्सन म्हणजे काय? तासगावची, निफाडची, कॅलिफोर्नियाची आणि तुर्कस्तानची ही सगळी एकाच वेलीची काडी आहे. कधीतरी एका बीतून एक वेल उगवली, तिच्या द्राक्षात बी भरत नव्हतं, माणसांना ते आवडलं आणि तेव्हापासून आपण तिची काडी लावतो आहोत. १८७० च्या दशकात विल्यम थॉम्सन यांनी ती कॅलिफोर्नियात लावली आणि त्यांचं नाव चिकटलं. त्याआधीही ती किशमिश म्हणून, सुलताना म्हणून होतीच. बीच नाही म्हटल्यावर संकर करणं कठीण. केला तरी जे निघेल ते थॉम्सन नसेल, आई-बापापेक्षा निराळं काहीतरी असेल. म्हणून वेल तीच ठेवून एकच गुण बदलायचा तर आजवर एकच वाट होती: काडीने स्वतःहून बदलणं.

आणि काडी बदलते. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी थॉम्सनच्या बागेत लांब मण्यांची एक वेगळी काडी हेरली. तीच पुढे सोनाका. आमच्या तासगाव तालुक्यात अशीच तास-ए-गणेश सापडली. कुठल्या तरी एका डोळ्यातल्या एका पेशीत एक बदल झाला, तो काडीत उतरला आणि एका माणसाच्या नजरेला पडला. हजारो काड्यांतून वेगळी एक दिसायला ती बाग वर्षानुवर्षं पायाखाली घातलेली असावी लागते. त्या अंधाऱ्या खोलीत मी जे करत होते ते या माणसांच्या कामापुढे लहानच आहे, पण जातकुळी तीच आहे, असं मला मनापासून वाटतं. सोनाकाला कुणी म्हणत नाही की ती थॉम्सन भ्रष्ट झाली.

तरी मामांच्या प्रश्नाचं उत्तर साधं "हो" नाही, हे मला एका फ्रेंच द्राक्षाने शिकवलं. पिनो म्युनिए ही शॅम्पेनची एक जात. तिची कोवळी पानं पीठ सांडल्यासारखी पांढरी लवदार असतात. म्युनिए म्हणजे पिठाच्या गिरणीवाला. तिच्या शेंड्यात बाहेरच्या थरातल्या पेशी वेगळ्या आणि आतल्या वेगळ्या. दोघी मिळून ती जात होते. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पॉल बॉस आणि मार्क थॉमस यांनी नुसत्या बाहेरच्या थरातून रोप उभं केलं, तेव्हा ते निघालं बुटकं, झुडपासारखं. आणि बाळीच्या, म्हणजे आधाराला धरणाऱ्या तणाव्याच्या, जागी त्याला घड लागले. प्रत्येक बाळीच्या जागी घड! आपल्याकडे छाटणीनंतर घडाची बाळी होणं ही बागायतदाराची धडकी. इथे उलटं झालं. कारण निघालं ते जिबरेलिनचं, म्हणजे घड लांबवायला मामा मारतात त्या जी.ए.चं. त्या बुटक्या वेलीला जी.ए.ची हाकच ऐकू येत नव्हती, एका जनुकातल्या एका बदलामुळे. म्हणजे बाहेरून कुठलंही जनुक न घालता, नुसतं पेशीतून वेल उभी केली तरी ती "तीच" असेल असं नाही. म्हणून आमच्यासारख्यांनी रोप बाटलीत हिरवं दिसलं म्हणून नाचायचं नसतं. ते लावून, वाढवून, पाच हंगाम घड पाहूनच बोलायचं असतं.

आणि तिथेच गाडी अडते. फ्रान्समध्ये कोल्मारला सरकारी कृषी संशोधन संस्थेने २००५ मध्ये विषाणूला दाद न देणाऱ्या खुंटावर नेहमीची द्राक्षवेल कलम करून सत्तर वेली लावल्या. बदललेला होता तो नुसता खुंट. गावातल्या बागायतदारांना आणि रहिवाशांना घेऊन देखरेख समिती केली होती. २००९ मध्ये एकाने त्या वेली तोडल्या आणि २०१० च्या ऑगस्टमध्ये साठेक जणांनी त्या मुळासकट उपटल्या. इटलीत व्हेरोनाजवळ २०२४ च्या सप्टेंबरअखेर डाऊनीला कमी बळी पडेल अशी शार्डोने लावली, तीही पुढच्या फेब्रुवारीत तोडली गेली. त्या वेलीत बाहेरचं काहीच नव्हतं, वेलीचंच एक जनुक क्रिस्पर या जनुकं कापणाऱ्या कात्रीने बंद केलं होतं. ते करायला जिवाणूही लागला नाही, पण रवाळ कॅलस लागलंच. आपल्याकडे २०१० मध्ये बीटी वांग्यावर स्थगिती आली. २०२२ मध्ये बाहेरचं जनुक नसलेल्या जनुकसंपादित पिकांना नियमांत मोकळीक मिळाली. द्राक्षाचं तसं रोप अजून बागायतदाराच्या हातात नाही.

वेली उपटणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांच्या सगळ्याच शंका खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. बियाण्याची मालकी कुणाकडे जाईल, लहान बागायतदाराला ते परवडेल का, हे प्रश्न खरे आहेत आणि मामाही तेच विचारतात. पण सत्तर वेली उपटून त्यांचं उत्तर मिळत नाही. उलट, त्या वेली काय सांगणार होत्या तेही आपण ऐकू शकत नाही. मामांच्या मताला मी जास्त मान देते. ते म्हणाले, "खुंट टेक्सासचा, वेल थॉमसनचा, माती आपली. कलम म्हंजी दुसऱ्याचं पाय लावूनच चालतोय की आपन." डॉगरीज हा खुंट नव्वदच्या दशकापासून पाणी आणि खारट मातीच्या अडचणीपायी आपल्याकडे आला. तेव्हाही लोक म्हणाले होते, द्राक्षाची चव जाईल.

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस थांबलाच नाही. मामांच्या थॉम्सनच्या प्लॉटवर फुलोऱ्याच्या तोंडावर डाऊनी आली. दिवसाआड ब्लोअर फिरला, चिखलात ट्रॅक्टर रुतला, मग माणसं पाठीवर पंप घेऊन फिरली. घड तपकिरी झाले, हात लावला की गळून पडायचे. माझ्या पहिल्या ताटल्यांचा जो रंग होता, तोच. एप्रिलच्या छाटणीआधी मामांनी तो प्लॉट काढला. जेसीबी आला, अठरा वर्षांची खोडं उपटून बांधावर रचली. मी तेव्हा पुण्यात होते. मामींनी फोनवर सांगितलं की ते त्या दिवशी जेवले नाहीत.

नंतर एकदा मामा दवाखान्याच्या कामासाठी पुण्याला आले, तेव्हा त्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेले. पायांत निळी कव्हरं घातली, हात धुवायला लावले. शेकरवर माझे फ्लास्क गरगरत होते. पातळ मीडियात पिवळट कणी फिरत होती, कढईत हलवलेल्या रव्यासारखी. मी एक फ्लास्क काढून त्यांच्या हातात दिला. "हे तुमच्या प्लॉटचं. २०१६ च्या दिवाळीला तिसऱ्या ओळीतले घड दिलेले, त्यातलं. यात काही घातलेलं नाही. जसंच्या तसं आहे."

त्यांनी तो उजेडाकडे धरला. बुडाशी कणी बसेपर्यंत हलवला नाही, बसल्यावर एकदा हलवला. बागेत मण्याची फुगवण बघताना घड हातावर तोलतात तसा तोलून पाहिला.

"ह्याला पानी किती दिसांनी?"

"दर आठ दिवसांनी मीडिया बदलते."

"सुट्टीला?"

"सुट्टीलाही. चुकलं तर काळं पडतं."

"दिवाळीला बी?"

"दिवाळीलाही, मामा. तुमच्याकडून निघाले की सरळ इथंच येते."

त्यांनी मान हलवली आणि फ्लास्क स्वतःच शेकरच्या पकडीत बसवायला गेले. पकडीची स्प्रिंग घट्ट होती. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाले, "थांब," आणि बसेपर्यंत बसवत राहिले.